हुकूम कोणता ठरवावा?

मुंबईहून रेल्वेने नाशिकला येताना नाशिक रोडच्या आधी देवळालीचे स्थानक लागते. स्थानक लहान, पण त्याचे नाव इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसले आहे. डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणतात. हा ‘डूलॅली’ म्हणजे आपली देवळाली! १८६०च्या दशकात ब्रिटिशांनी येथे फौजेचा तळ उभारला. मुंबई बंदरात उतरलेले गोरे सैनिक पुढच्या छावण्यांकडे जाण्यापूर्वी येथे थांबत आणि नोकरीची मुदत संपलेले सैनिक येथेच परतीच्या जहाजाची वाट पाहत. जहाजे हिवाळ्याच्या हंगामात सुटत. हंगाम हुकला की कित्येक महिने ना काम, ना घर; नुसती प्रतीक्षा. त्या कंटाळ्याने कोणी भ्रमिष्टासारखा वागू लागला की सोबती म्हणत, याला ‘देवळालीचा ताप’ चढला. पुढे ‘ताप’चा ‘टॅप’ झाला आणि सैनिकांबरोबर हा शब्द विलायतेला गेला.

रिकामा वेळ आणि चार माणसे एकत्र आली की पत्त्यांचा कॅट बाहेर निघायचाच. सैनिकांच्या बराकीत निघतो, तसा देवळाली कॅम्पात हवापालटासाठी येणाऱ्या कुटुंबांच्या मुक्कामातही निघतो. मोठी माणसे दुपारी पडली की मुले व्हरांड्यात चटई टाकतात आणि पाच-तीन-दोन सुरू होते.

या खेळात एक क्षण असा येतो की त्या वेळी खेळणाऱ्याला खरोखर विचार करावा लागतो. त्या क्षणाचे गणित आपण येथे पाहणार आहोत. हेच गणित, पण उलट्या दिशेने, आजकालच्या ‘नेता-पान’ असलेल्या संग्राह्य पत्त्यांच्या खेळांत करावे लागते. म्हणून आधी आपल्या ओळखीचा खेळ घेऊ.

पाच पाने हातात आली

पाच-तीन-दोन तिघांनी खेळायचा. कॅटातली दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पाने काढून टाकायची. सत्त्यांपैकी बहुतेक घरी इस्पिकची आणि बदामाची ठेवतात, चौकट व किलवरच्या सत्त्या काढतात. उरतात ३० पाने, प्रत्येकाला १०. तिघांपैकी एकाला ५ हात करायचे असतात, एकाला ३ आणि एकाला २. ज्याच्यावर पाच हातांचा बोजा, त्याने हुकूम ठरवायचा. मात्र त्याने हे आपली पहिली पाच पाने पाहूनच ठरवायचे. उरलेली पाच नंतर मिळतात.

समजा, तुमच्या हाती पहिली पाच पाने अशी आली: बदामाचा एक्का आणि राजा, इस्पिकचा गुलाम, नव्वी आणि सत्ती. हुकूम कोणता बोलाल?

नवखा खेळाडू पटकन ‘बदाम!’ म्हणतो. एक्का-राजा दोन्ही हातात, मग दुसरा विचार कशाला? पण जरा थांबा. बदामाचा एक्का हुकूम नसला तरी एक्काच आहे. बदामाची उतारी झाली आणि प्रत्येकाकडे बदाम असले, तर तो हात त्याचाच. राजाचेही बहुधा तसेच. म्हणजे ही दोन पाने स्वतःच्या बळावर हात करणारी आहेत. त्यांना हुकमाची मदत दिल्याने त्यांच्या किमतीत फारशी भर पडत नाही.

आता इस्पिकची सत्ती पाहा. हुकूम बदाम असेल तर ही सत्ती म्हणजे केवळ टाकायचे पान. पण हुकूम इस्पिक असेल आणि तुमच्याजवळचे किलवर संपलेले असेल, तर समोरच्याने उतरलेला किलवरचा एक्कासुद्धा ही सत्ती मारते. नव्वीचे तेच, गुलामाचेही तेच. बदाम हुकूम केला तर दोन समर्थ पाने थोडी अधिक समर्थ होतात. इस्पिक हुकूम केला तर तीन निरुपयोगी पाने कामाला लागतात आणि बदामाची दोन आपले काम करतच राहतात.

मुरलेले खेळाडू हुकूम लांब रंगाचा ठरवतात, उंच रंगाचा ठरवत नाहीत, त्याचे कारण हे. हुकूम ठरवताना विचारायचा प्रश्न ‘माझे सर्वांत मोठे पान कोणते?’ हा नसून ‘हुकूम झाल्यामुळे माझ्या किती पानांची किंमत वाढेल?’ हा आहे. अर्थात नियम आंधळेपणाने चालवू नये. हातात बाहेरचा एकही एक्का नाही आणि हुकमाची तीन चिल्लर पाने आहेत, अशा वेळी पाच हात होणे कठीणच. तेथे उंच रंग धरणे शहाणपणाचे ठरू शकते.

न पाहिलेल्या पाच पानांचे काय?

आपण तीन इस्पिकांवर हुकूम बोललो. पण अजून पाच पाने यायची आहेत. त्यांत इस्पिक आलेच नाही तर?

हे मोजता येते. तुम्ही पाहिली ५, न पाहिलेली २५. इस्पिकची एकूण ८ पाने (एक्क्यापासून सत्तीपर्यंत). ३ तुमच्याकडे आहेत, म्हणजे त्या २५ पानांत ५ इस्पिक आहेत आणि २० इतर. तुम्हांला २५ पैकी कोणतीही ५ मिळणार.

२५ पानांतून ५ पाने किती वेगवेगळ्या प्रकारे निवडता येतील? यासाठी वरच्या ओळीत उलट क्रमाने २५, २४, २३, २२, २१ लिहा. खालच्या ओळीत १, २, ३, ४, ५ लिहा. वरच्यांचा गुणाकार ६३,७५,६००, खालच्यांचा १२०. भागाकार ५३,१३०. ही रीत तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे, तशीच ती भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही आहे. शके १०७२, म्हणजे इ.स. ११५०च्या त्या ग्रंथात सहा रस घेऊन किती प्रकारची मिश्रणे करता येतील, असे उदाहरण घातले आहे. एकेक रस घेऊन ६, दोन-दोन घेऊन १५, तीन-तीन घेऊन २०, पुढे १५, ६ आणि १, एकूण ६३. देवळालीहून याच लोहमार्गाने पुढे गेले की मनमाडनंतर चाळीसगाव येते. त्याच्याजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. आपण पत्ते मोजतो आहोत ते त्यांच्याच गणिताने.

आता इस्पिक एकही न येण्याचे प्रकार मोजू. तसे व्हायचे तर पाचही पाने त्या २० इतर पानांतून आली पाहिजेत. २० पैकी ५ निवडण्याचे प्रकार १५,५०४. म्हणून इस्पिक अजिबात न येण्याची शक्यता १५,५०४ भागिले ५३,१३०, म्हणजे शेकडा २९. याच रीतीने बाकीच्या शक्यता काढल्या तर असा हिशेब निघतो: एक इस्पिक येईल शेकडा ४६ वेळा, दोन येतील शेकडा २१ ते २२ वेळा आणि तीन किंवा अधिक येतील शेकडा जेमतेम ४ वेळा. सरासरी काढली तर बरोबर एक पान. तेव्हा तीन इस्पिकांवर हुकूम बोलणाऱ्याने शेवटी चार हुकूम हाती येतील असे धरून चालावे, पण दहांपैकी जवळजवळ तीन डावांत तीनवरच भागवावे लागेल हेही ध्यानात ठेवावे.

‘शेकडा २९’ याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. या डावात इस्पिक येईल की नाही, हे त्यावरून कळत नाही. देवळालीत १९४०च्या दशकापासून तोफखान्याचे विद्यालय आहे. तोफांचे गोलंदाज (हा शब्द क्रिकेटने पळवण्याआधी त्यांचाच होता!) हाच विचार वेगळ्या प्रकारे करतात. तोफेचा नेम तोच, दारू तेवढीच, गोळा त्याच वजनाचा, तरी दोन गोळे एकाच खड्ड्यात पडत नाहीत. कोणी थोडा अलीकडे पडतो, कोणी थोडा पलीकडे. म्हणून सरासरीच्या दोन्ही बाजूंना असा एक पट्टा काढतात की सुटलेल्या गोळ्यांपैकी निम्मे त्यात पडावेत. पुढचा गोळा नेमका कोठे पडेल ते सांगता येत नाही. पुष्कळ गोळे सोडले तर त्यांतले किती पट्ट्यात पडतील ते मात्र सांगता येते. हुकूम बोलणारा आणि तोफ डागणारा, दोघांनाही एका वेळचा निकाल हातात नसताना निर्णय घ्यावा लागतो.

आणखी एक गंमत पाहा. अपेक्षेप्रमाणे तुमच्याकडे चार हुकूम आले. उरलेले चार समोरच्या दोघांकडे आहेत. ते कसे विभागले असतील? बहुतेक जण म्हणतील, दोन-दोन. तसे असते तर किती छान! दोनदा हुकमाची उतारी केली की दोघांचेही हुकूम संपले. पण हिशेब काय सांगतो? दोघांच्या मिळून २० पानांतली १०-१० कशी वाटली जातील याचे १,८४,७५६ प्रकार आहेत. त्यांपैकी ७७,२२० प्रकारांत हुकूम दोन-दोन पडतात, म्हणजे शेकडा ४२. एकाकडे तीन आणि दुसऱ्याकडे एक असे ९१,५२० प्रकारांत घडते, म्हणजे शेकडा जवळजवळ ५०. उरलेल्या शेकडा ८ ते ९ वेळा चारही हुकूम एकाकडेच असतात. तेव्हा समसमान वाटणीपेक्षा तीन-एकची वाटणीच अधिक वेळा होते. दोन उताऱ्यांत हुकूम संपले असे समजून जो निर्धास्त होतो, त्याला तिसरा हुकूम हमखास नडतो. पत्त्यांच्या अशा वाटण्यांचे गणित एमिल बोरेल या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने आंद्रे शेरोन याच्याबरोबर ब्रिजवर एक जाडजूड ग्रंथ लिहून मांडले आहे. तो १९४० साली प्रसिद्ध झाला.

राजे बारा, हुकूम एकही नाही

हुकूम हा एका डावापुरता नेमलेला नेता. पण आपल्याकडच्या जुन्या पत्त्यांत ही नेमणूकच नसे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याचे त्याच्या आत्मचरित्रात नमूद आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या गंजिफांचे वर्णन केले आहे. अश्वपती, गजपती, नरपती, गडपती असे बारा राजे, प्रत्येकाचा एक प्रधान आणि एक ते दहा अशी दहा पाने. बारा बारे १४४. महाराष्ट्रात सावंतवाडीला दशावतारी गंजिफा अजूनही हाताने रंगवतात. ही गोल, लाखेचा थर दिलेली पाने १२० असतात: दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पाने. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात या कलेला आश्रय दिला, म्हणून ती टिकली.

गंजिफांत प्रत्येक रंगाला स्वतःचा राजा असतो आणि तो आपल्याच रंगाच्या पानांवर सत्ता गाजवतो. रामाचा राजा कृष्णाच्या दुक्कलीला मारत नाही. निम्म्या रंगांत दहाचे पान राजा-प्रधानाखालोखाल वरचे, तर उरलेल्या निम्म्या रंगांत क्रम उलटा: तेथे एकाचे पान वरचे आणि दहाचे सर्वांत खालचे! पानावर ठिपके किती आहेत याला स्वतःची किंमत नाही. किंमत नियम ठरवतो. एका रंगात तळाला असलेली एक्की दुसऱ्या रंगात प्रधानाच्या पाठोपाठ उभी राहते. एकदा ही गोष्ट पटली की पुढचा खेळ समजायला अवघड जाणार नाही.

आधी सेनापती, मग फौज

१९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ काढला. त्याची कल्पना अशी की दोघांनी एकाच कॅटावर खेळायचे नाही. प्रत्येकाने शेकडो प्रकारच्या पानांतून निवड करून आपापला कॅट घरून तयार करून आणायचा. या कॅटाला खेळणारे ‘डेक’ म्हणतात. १९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनची पाने आली. पुढे असे खेळ निघाले की त्यांत डेकचा एक नेता अगदी आरंभापासून टेबलावर उघडा असतो. २०२२ साली जपानच्या बांदाई कंपनीने काढलेला ‘वन पीस कार्ड गेम’ हा त्यांतला एक. चाच्यांच्या एका लोकप्रिय जपानी चित्रकथेवर तो बेतलेला आहे आणि आपल्याकडच्या शहरांतली मुलेही तो खेळताना दिसतात.

नियम थोडक्यात असे. एक नेता-पान आणि ५० पानांचा डेक. एकच पान जास्तीत जास्त चार वेळा घेता येते. नेत्याचा जो रंग असेल त्याच रंगाची पाने डेकमध्ये चालतात. काही नेते दोन रंगांचे असतात. त्यांना निवड मोठी मिळते, पण त्यांची ‘आयुष्ये’ बहुधा चार असतात, तर एकरंगी नेत्याची बहुधा पाच. पसारा वाढवला की आयुष्य घटते, असा हा सौदा आहे. हाताला आरंभी पाच पाने. ती पसंत नसतील तर एकदाच सगळी परत करून, पिसून, नवी पाच घेता येतात.

पाच-तीन-दोनमध्ये आपण पाने पाहून हुकूम ठरवत होतो. येथे उलटे आहे. आधी नेता ठरवायचा आणि त्याला साजेशी फौज नंतर जमवायची. तरी विचारायचा प्रश्न बदलत नाही: या नेत्यामुळे माझ्या किती पानांची किंमत वाढते?

पहिल्याच संचातला झोरो नावाचा लाल नेता घ्या. या खेळात प्रत्येक पाळीला ‘डॉन’ नावाची शक्ती-पाने मिळतात. पाने टेबलावर उतरवण्याची किंमत त्यांतून भागवायची, किंवा एखाद्या पानाला ती जोडायची. एक डॉन जोडला की त्या पानाचे बळ आपल्या पाळीपुरते १,००० ने वाढते. झोरोला एक डॉन जोडला तर त्याचे स्वतःचे बळ वाढतेच, शिवाय तुमच्या टेबलावरच्या प्रत्येक साथीदाराचेही १,००० ने वाढते. साथीदार जास्तीत जास्त पाच ठेवता येतात. म्हणजे एरवी एका डॉनचे १,००० मिळतात, ते झोरोच्या हाती दिल्यावर ६,००० पर्यंत जातात.

पण हा वाढीव हजार कोणाच्या उपयोगाचा? समोरच्या नेत्याचे बळ बहुधा ५,००० असते आणि हल्ला करणाऱ्याचे बळ निदान तेवढे असल्याशिवाय हल्ला लागत नाही. ४,००० बळाचे स्वस्त साथीदार त्याच्यापुढे एरवी फुकट. झोरोने त्यांना हजार दिले की तेच नेमके ५,००० वर पोचतात आणि हल्ला लागतो. ७,००० बळाच्या महागड्या पानाला हजार मिळून ८,००० झाले, तर बचाव करणाऱ्याला थोडी अधिक पाने खर्चावी लागतील एवढेच. ते पान आधीही समर्थच होते. येथे ४,००० वाला म्हणजे आपली इस्पिकची सत्ती आणि ७,००० वाला म्हणजे बदामाचा एक्का. म्हणून झोरोच्या डेकमध्ये स्वस्त आणि लहान पाने गर्दीने भरतात. भारदस्त दिसणारी महाग पाने झोरोबरोबर भरणाऱ्याने बदाम हुकूम बोलणाऱ्या नवख्याचेच गणित केलेले असते.

आता पुढचा प्रश्न: ‘गर्दीने’ म्हणजे किती? टेबलावर उतरवलेला साथीदार एरवी त्याच पाळीत हल्ला करू शकत नाही, म्हणून स्वस्त पाने पहिल्या हातातच यायला हवीत. साथीदार नसतील तर झोरोचा एक डॉन इतरांसारखाच हजाराचा राहतो. पन्नास पानांत अशी स्वस्त पाने ४ ठेवली, तर पहिल्या पाच पानांत निदान एक येण्याची शक्यता शेकडा ३५. ८ ठेवली तर ६०. १२ ठेवली तर ७६. १६ ठेवली तर ८७. २० ठेवली तर ९३. रीत तीच, वर ५०, ४९, ४८, ४७, ४६ लिहायचे, एवढाच फरक. स्वतः करून पाहा.

या आकड्यांतली वाढ पाहिलीत का? पहिल्या वाढीव चार पानांनी शक्यता २५ ने वाढवली, पुढच्या चारांनी १६ ने, त्यापुढच्या चारांनी ११ ने आणि शेवटच्या चारांनी फक्त ६ ने. दर वेळी डेकमधल्या चार जागा गेल्या, पण मिळकत कमी कमी होत गेली. मात्र एकाऐवजी निदान दोन स्वस्त पाने हवी असतील तर चित्र बदलते: १६ पानांनी ती शक्यता शेकडा ५२, आणि २० पानांनी ६७. या वेळी शेवटच्या चार पानांनी १५ ची भर घातली. तेव्हा ‘किती ठेवावीत’ याचे उत्तर ‘नेत्याला पहिल्या दोन पाळ्यांत किती जण हवेत’ यावर अवलंबून राहते.

किमतीचेही असेच आहे. पहिली पाळी ज्याची, त्याच्याकडे पाळीगणिक १, ३, ५, ७, ९ आणि मग १० डॉन होतात. दुसऱ्याकडे २, ४, ६, ८, १०. एकाची श्रेढी विषम, दुसऱ्याची सम. चार किमतीची पाने खच्चून भरलेला डेक पहिल्याने खेळायला बसला तर तीन डॉनच्या पाळीला त्याचे हात रिकामे राहतात. टेबलावरचा नेता कितीही थोर असला तरी ही श्रेढी त्याचे ऐकत नाही.

पाकिटात काय निघेल?

ही पाने बंद पाकिटांत विकली जातात आणि आत काय आहे हे आधी कळत नाही. तेव्हा नेता निवडताना त्याची फौज सहज मिळणारी आहे की दुर्मिळ, हेही पाहावे लागते. येथे खाऊच्या पैशांचा प्रश्न आहे, म्हणून थोडा हिशेब करू.

समजा, एका खेळात २० प्रकारची चित्रे आहेत, पाकिटात एकच चित्र आणि प्रत्येक चित्र निघण्याची शक्यता सारखी. पूर्ण संच जमायला सरासरी किती पाकिटे लागतील? पहिले पाकीट नवे चित्र देणारच. जसजशी चित्रे जमतात, तसतशी तीच ती पुन्हा निघू लागतात. १९ जमली की विसावे मिळण्याची शक्यता दर पाकिटाला विसात एक, म्हणजे त्या एकट्यासाठीच सरासरी २० पाकिटे! सगळी बेरीज केली तर पहिली दहा चित्रे साधारण १३ ते १४ पाकिटांत मिळतात आणि उरलेल्या दहांसाठी सुमारे ५९ लागतात, एकूण ७२. प्रत्यक्ष खेळांत तर काही पाने मुद्दामच फार कमी छापलेली असतात, तेव्हा त्यांच्यासाठी हा आकडा आणखी फुगतो. काडेपेटीवरची चित्रे जमवणारी मुले यावर उपाय जाणत होती: दुप्पट झालेली चित्रे आपसांत बदलायची. पाकिटे फोडत बसण्यापेक्षा पाच मित्रांनी पाने एकत्र मांडून अदलाबदल करणे कितीतरी स्वस्त पडते. साध्या पानांवर चालणारा नेता निवडला तर खर्च त्याहून खाली येतो.

करून पाहा

यासाठी नवी पाने विकत घेण्याची गरज नाही. घरातल्या कॅटातून पाच-तीन-दोनची ३० पाने काढा. इस्पिकचा गुलाम, नव्वी, सत्ती आणि बदामाचा एक्का, राजा बाजूला ठेवा. उरलेली २५ चांगली पिसून वरची पाच उघडा आणि त्यांत इस्पिक किती आले ते वहीत लिहा. पाने परत मिसळून पुन्हा पिसा. असे शंभर वेळा करायचे आहे. चार जणांनी पंचवीस-पंचवीस वाटून घेतले तर अर्ध्या-पाऊण तासाचे काम. ‘एकही नाही’ असे सुमारे २९ वेळा यायला हवे. प्रत्येकाचे पंचवीस वेगळे लिहिले तर एकाला चार आणि दुसऱ्याला दहा असेही निघेल. शिक्षकांनी सगळ्या वर्गाच्या नोंदी फळ्यावर एकत्र मांडाव्यात. नोंदी वाढत जातील तसा आकडा कसा स्थिरावतो ते मुलांना दिसेल.

आणि आता एक डाव तुमच्यासाठी. पाच हात तुमच्यावर आहेत. पहिली पाच पाने: चौकटचा राजा आणि राणी, किलवरची दश्शी आणि अठ्ठी, इस्पिकचा एक्का. चौकट आणि किलवर यांच्या सत्त्या काढून टाकल्या आहेत, म्हणजे त्या रंगांची पाने सात-सातच आहेत, हे विसरू नका. दोन्ही रंगांची दोन-दोन पाने हातात. पुढच्या पाचांत आणखी एक तरी येण्याची शक्यता दोन्ही रंगांना किती? ती काढा, आणि मग सांगा, हुकूम कोणता बोलाल?